घड्याळ स्वतःचं, तरी चोरी: कायदा शब्दाला अर्थ कसा देतो

घड्याळ बिघडलं म्हणून तुम्ही ते दुरुस्तीला टाकलंत. कारागिराने ते चालू केलं, मजुरी सांगितली आणि पैसे मिळेपर्यंत घड्याळ माझ्याकडेच राहील, असंही बजावलं. तो आतल्या खोलीत गेलेला बघून तुम्ही घड्याळ उचललंत आणि घरी आलात. घड्याळ तुमचं, तुमच्याच पैशाने घेतलेलं. ही चोरी झाली का?

झाली. आणि हे माझं मत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली, म्हणजे कलम ३७८ खाली, हे उदाहरण कायदा करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं. त्याच्या जोडीला आणखी एक उदाहरण आहे, ते जास्त बोलकं आहे. त्यात घड्याळाचा मालक कारागिराचं काहीच देणं लागत नाही. तो उघडपणे दुकानात शिरतो, कारागिराच्या हातातून घड्याळ हिसकावतो आणि चालू लागतो. कायदा म्हणतो, इथे बळजबरी झाली असेल, अतिक्रमण झालं असेल, पण चोरी झाली नाही. गुपचूप उचलणारा चोर ठरतो आणि हिसकावणारा ठरत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्यातला शब्द कसा घडतो हे या जोडीइतकं नेमकं दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू घेणं, असं आपण धरून चालतो. कायद्याच्या व्याख्येत 'दुसऱ्याची' हा शब्दच नाही. तिथे 'ताबा' आहे. वस्तू जंगम हवी, ती कुणाच्या तरी ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, ती जागची हलवलेली हवी, आणि हे सगळं अप्रामाणिकपणे केलेलं हवं. यातला एक धागा सुटला तरी चोरी सिद्ध होत नाही. घड्याळाच्या दोन्ही गोष्टींत पहिले चार धागे सारखेच आहेत. फरक पडतो तो शेवटच्या एका शब्दाने.

त्या 'अप्रामाणिकपणे' शब्दालाही स्वतःची व्याख्या आहे. एखाद्याला गैरमार्गाने लाभ व्हावा किंवा एखाद्याचं गैरमार्गाने नुकसान व्हावं, या उद्देशाने केलेली कृती ती अप्रामाणिक. इथे 'गैरलाभ' आणि 'गैरहानी' हे दोन शब्द आले, त्यांच्याही व्याख्या आहेत. ज्या मालमत्तेवर आपला कायदेशीर हक्क नाही, ती बेकायदेशीर मार्गाने मिळवणं किंवा अडकवून ठेवणं हा गैरलाभ. तेव्हा शेजाऱ्याला खोटं बोललात, लग्नाला येतो म्हणून गेला नाहीत, तर लोक तुम्हाला अप्रामाणिक म्हणतील. दंड संहितेच्या अर्थाने तुम्ही अप्रामाणिक नाही, कारण त्यात मालमत्तेचा प्रश्नच नाही. उलट मजुरी बुडवायची म्हणून स्वतःचं घड्याळ उचलणारा मात्र अप्रामाणिक ठरतो, कारण ते घड्याळ कारागिराच्या पैशाचं तारण होतं आणि त्या तारणापासून त्याला मुकवणं हाच उचलण्यामागचा उद्देश होता.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम ३७८ होतं, ते आता ३०३ झालं. व्याख्या पूर्वी कलमाकलमांत विखुरलेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा आता कलम २ मध्ये एकत्र आहेत. चोरीच्या व्याख्येचा गाभा तसाच आहे. लोक अजून 'तीनशे दोन', 'चारशे वीस' असंच बोलतात आणि पुढची काही वर्षं बोलत राहतील, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागू आहे.

कायदा वाचायचा असेल तर व्याख्यांच्या कलमावर थांबायला शिकावं लागतं. बहुतेक कायद्यांत ते कलम २ किंवा ३ असतं. तिथे दोन तऱ्हेची वाक्यं दिसतात. एकात 'म्हणजे' असतं, तिथे यादी बंद. दुसऱ्यात 'यामध्ये अमुकचा समावेश होतो' असं असतं, तिथे शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहून त्यात भर पडते. 'व्यक्ती' या शब्दात कंपनी आणि संस्थाही येतात, हे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने, म्हणजे सगळ्या कायद्यांतल्या नेहमीच्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या कायद्याने, असंच जोडलेलं आहे. दंड संहितेत 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. कोंबडीही प्राणी आणि मासाही प्राणी.

'जंगम मालमत्ता' घ्या. जमीन आणि जमिनीला जोडलेल्या वस्तू तिच्यात येत नाहीत. मग कोकणातल्या बागेतल्या झाडावरचा हापूस काय? झाडावर आहे तोवर तो जमिनीला जोडलेला, म्हणून चोरीचा विषय नाही. देठ तुटला की तो जंगम झाला. तोडणं आणि नेणं एकाच हिसक्यात झालं तरी चोरी होऊ शकते, असं कायद्यातल्या स्पष्टीकरणातच म्हटलेलं आहे, त्यामुळे राखणदाराने काळजी करायचं कारण नाही. जुन्या व्याख्येत 'मूर्त' मालमत्ता असा शब्द होता. नव्या संहितेत तो गळला आहे. एक विशेषण गेलं, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या गोष्टींचं काय, हा प्रश्न आता न्यायालयांत नव्याने उभा राहायला वाव झाला.

वीज तर हातात धरता येत नाही. म्हणून १९१० च्या वीज कायद्यात, अप्रामाणिकपणे वीज वापरणाऱ्याने दंड संहितेतली चोरी केली असं 'मानण्यात येईल', अशी तरतूद होती. 'मानण्यात येईल' हे कायद्याचं फार ताकदीचं हत्यार आहे. जे मुळात तसं नाही, ते या कामापुरतं तसं धरा, असा तो हुकूम असतो. २००३ च्या कायद्याने पुढे कलम १३५ मध्ये वीजचोरीचा स्वतंत्र गुन्हाच लिहिला. तारेवर आकडा टाकणं, मीटरशी छेडछाड करणं, हे सगळं त्यात येतं. पण त्या कलमाच्या सुरुवातीलाच 'अप्रामाणिकपणे' शब्द आहे. आणि लगेच पुढे अशीही तरतूद आहे की वीज चोरण्याची कृत्रिम साधनं आढळली, तर ग्राहकाने ती अप्रामाणिकपणे वापरली असं गृहीत धरलं जाईल, उलट सिद्ध करणं ग्राहकाकडे. जुनं घर विकत घेताना किंवा गाळा भाड्याने घेताना मीटरचं सील बघून घ्या, असं जाणती माणसं सांगतात, त्याचं कारण हे. उद्देश लागतोच, पण तो नव्हता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते.

नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न असतो. 'मी परत देणारच होतो, मग चोरी कशी?' याचं उत्तर एका विमानाने दिलं. मे १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दलाच्या अकादमीत शिकणाऱ्या एका कॅडेटने ठरलेल्या वेळेआधी, परवानगीशिवाय, हार्वर्ड जातीचं प्रशिक्षण विमान बाहेर काढलं. सोबत आदल्याच दिवशी अकादमीतून काढून टाकलेला दुसरा एक कॅडेट होता. ते विमान पाकिस्तानात एका शेतात उतरलं. पुढे दोघेही कराचीतल्या भारतीय उच्चायुक्तांकडे गेले आणि परत पाठवा म्हणाले. खटल्यात बचाव असा झाला की विमान कायमचं ठेवून घ्यायचा विचार कधीच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितलं की आपल्याकडच्या चोरीच्या व्याख्येत कायमचं हिरावून घेण्याचा उद्देश लागत नाही. तेवढ्या वेळापुरता सरकारचा ताबा गेला आणि ज्यावर हक्क नाही असा वापर यांना मिळाला, तेवढं पुरे. अलवरच्या एका सरकारी कार्यालयातल्या अधीक्षकाने फाइल एका रात्रीपुरती घरी नेली, मित्राला तिच्यातले कागद बदलू दिले आणि दुसऱ्या दिवशी फाइल जागेवर ठेवली. तीही चोरीच ठरली, १९६२ मध्ये.

इथवर 'उद्देश' हा शब्द सैलपणे वापरला, आता तो नीट पकडायला हवा, कारण सगळा घोळ त्याभोवतीच होतो. हेतू वेगळा आणि उद्देश वेगळा. माणूस एखादी गोष्ट *का* करतो, तो हेतू. *काय* घडवून आणायचं ठरवतो, तो उद्देश. भुकेल्या पोरांना खाऊ घालण्यासाठी किराणा दुकानातून तांदूळ उचलला, तर हेतू पोटाचा आहे, पण दुकानदाराचा तांदूळ हक्काशिवाय घ्यायचा हा उद्देश होताच. न्यायाधीश हेतू बघून शिक्षा कमी करू शकतात. गुन्ह्याचं नाव त्याने बदलत नाही. खुनाच्या खटल्यात हेतू सापडला नाही म्हणून आरोपी सुटतोच असंही नाही, प्रत्यक्ष पाहणारे विश्वासार्ह साक्षीदार असतील तर हेतू दुय्यम ठरतो.

उद्देशाच्या शेजारी 'जाणीव' उभी आहे. कायद्यातलंच उदाहरण सांगतो. एका मोठ्या शहरात रात्रीच्या वेळी एक माणूस राहत्या घराला आग लावतो. त्याला फक्त त्या गोंधळात दरोडा टाकायचा आहे. आगीत एक जण मरतो. आग लावणाऱ्याला कुणी मरावं असं वाटत नव्हतं, कदाचित त्याला मनापासून वाईटही वाटलं. तरी आगीत कुणी मरू शकतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्याने मृत्यू 'आपणहून' घडवून आणला. इच्छा नसणं पुरेसं नाही.

मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे जे घडलं त्यात हा फरक प्रत्यक्ष उतरला. दारू पिऊन भरधाव चालवलेली गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाला त्या मजुरांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं, त्यांना मारायचा उद्देश असण्याचा प्रश्नच नव्हता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम लावलं, सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ते बदललं. ज्या रस्त्याच्या कडेला माणसं झोपतात तिथे नशेत, त्या वेगाने गाडी हाकणाऱ्याला, कुणी मरेल ही जाणीव होतीच असं धरता येतं. म्हणून सदोष मनुष्यवधाचं, म्हणजे कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखालचं दोषीपण आणि तीन वर्षांची शिक्षा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. शिक्षा फारच थोडी झाली असं मला आजही वाटतं. पण गाडीखाली माणूस गेला की तो अपघातच, ही समजूत त्या निकालाने मोडली, आणि ते मोलाचं आहे.

मृत्यूच्या बाबतीत मनाच्या पायऱ्या अशा वरून खाली येतात. मारायचंच होतं, तो खून. मारायचं असेलच असं नाही, पण केलेली जखम नेहमीच्या ओघात जीव घेणारी होती आणि तीच जखम करायची होती, तोही खून. मरेल ही जाणीव होती, पण खुनाच्या व्याख्येइतकी तीव्र नव्हती, तर सदोष मनुष्यवध. काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नाही, तर निष्काळजीपणा. आणि तसंही काही नसेल तर तो अपघात, गुन्हा नाही. याच्याही पलीकडे वस्तुस्थितीबद्दलचा खरा गैरसमज येतो. पडून मार लागल्यावर भ्रमिष्ट अवस्थेत एका बापाने आपल्याच एकुलत्या मुलावर वाघ समजून घाव घातला. १९५२ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, कारण त्याच्या मनात माणूस नव्हताच, वाघ होता.

दुसरी पायरी थोडी अवघड आहे, तिच्यासाठी पंजाबातल्या एका भाल्याकडे जावं लागतं. पोटात एकच वार, आतडी बाहेर, दुसऱ्या दिवशी मृत्यू. आरोपीचं म्हणणं, एकच तर वार केला, जीव घ्यायचा नव्हता. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, १९५८ मध्ये. आधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले हे गृहस्थ साध्या, स्वच्छ भाषेसाठी ओळखले जात. त्यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. आरोपीला नेमकी *तीच* जखम करायची होती का, की भाला चुकून लागला? एवढाच उद्देशाचा प्रश्न. ती जखम जीव घ्यायला पुरेशी होती का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा, आरोपीच्या मनाला नाही. 'एवढ्याने मरेल असं वाटलं नव्हतं' हा बचाव त्या दिवसापासून लंगडा झाला.

पण मनातलं कळणार कसं? कुणी मनात डोकावू शकत नाही, म्हणून न्यायालय बाहेरच्या खुणा वाचतं. हत्यार कोणतं, ते जवळ होतं की मुद्दाम आणलं, वार शरीराच्या कुठल्या भागावर, किती, आधी काय बोलणं झालं, नंतर माणूस काय करत होता. याचं मराठी घरांत सर्वाधिक चर्चिलं गेलेलं उदाहरण म्हणजे नानावटी खटला. २७ एप्रिल १९५९. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजा या माणसाशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल सांगितलं. नानावटींनी पत्नी-मुलांना सिनेमाला सोडलं, मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचं आहे, असं कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. ती एका पाकिटात घालून आधी आहुजाच्या कचेरीत, मग घरी. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडलं होतं, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास.

बचावाचे दोन मुद्दे होते. झटापटीत गोळ्या सुटल्या, आणि नाहीच मानलं तर गंभीर व आकस्मिक चिथावणी. पहिल्या मुद्द्याला एका टॉवेलने उत्तर दिलं. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. मृतदेहावर तो तसाच होता, सुटलेला नव्हता. दोघांची झोंबाझोंबी झाली असती तर तो जागेवर राहिला नसता. दुसऱ्या मुद्द्याला घड्याळाने उत्तर दिलं. चिथावणी 'आकस्मिक' असावी लागते आणि त्या भरातच कृती व्हावी लागते. मधल्या जवळपास तीन तासांत सिनेमाची सोय झाली, शस्त्रासाठी खोटं कारण सुचलं, दोन ठिकाणी शोध झाला. इतकं सगळं करणाऱ्या माणसाचा स्वतःवर ताबा होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्दोष ठरवलं होतं, पण सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे खून ठरला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निकाल न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांचा. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता जे कलम आपल्याकडे भांडणात सर्वांत आधी तोंडावर येतं, त्याकडे येऊ. 'त्याच्यावर चारशे वीस टाकतो.' उसने पैसे परत आले नाहीत, बिल्डरने ताबा दिला नाही, व्यापाऱ्याने मालाचे पैसे थकवले, की पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद. नव्या संहितेत हे कलम ३१८. या फिर्यादी पुढे का टिकत नाहीत, हे कळलं तर लोकांची बरीच वर्षं आणि बराच पैसा वाचेल, म्हणून इथे जरा थांबतो.

फसवणुकीच्या व्याख्येत उद्देशाला तारीख आहे. खोटं सांगून तुमच्याकडून पैसे काढून घेतले *त्या वेळी* बुडवायचा विचार हवा. १८६० च्या संहितेत याचं उदाहरण निळीचं आहे, कारण तेव्हा निळीचा व्यापार जोरात होता. एक जण निळीचं पीक देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतो. द्यायचा विचार पहिल्यापासूनच नसेल तर ती फसवणूक. पण पैसे घेताना द्यायचा विचार खराच होता आणि नंतर त्याने करार मोडला, तर ती फसवणूक नाही. त्याच्यावर फक्त दिवाणी दावा करता येईल. नंतर फिरलेली नियत आणि पहिल्यापासूनची खोटी नियत यांत कायदा भिंत घालतो.

म्हणून फिर्याद लिहिताना 'आजवर पैसे दिले नाहीत' हे वाक्य दहा वेळा लिहून उपयोग नसतो. व्यवहाराच्या दिवशी तो काय खोटं बोलला, हे लिहावं लागतं. जो प्लॉट विकला तो आधीच दुसऱ्याच्या नावावर होता का? दाखवलेली परवानगी बनावट होती का? त्याच काळात त्याने आणखी चौघांकडून त्याच वस्तूचे पैसे घेतले होते का? अशा खुणा असतील तर पहिल्या दिवसाचा उद्देश दिसतो. नसतील तर जागा दिवाणी न्यायालयात. विश्वासघाताचा गुन्हा, आता कलम ३१६, याच्या अगदी उलट चालतो. तिथे वस्तू किंवा पैसा प्रामाणिकपणे सोपवलेला असतो आणि नियत नंतर फिरते. पतसंस्थेच्या रोखपालाने रक्कम रीतसर ताब्यात घेतली आणि मग स्वतःसाठी वापरली, तर तो विश्वासघात. फसवणुकीत नियत आरंभीच खोटी, विश्वासघातात ती आरंभी नव्हती. मग त्याच एका घटनेवर दोन्ही कलमं लागतील कशी? ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, आणि देशभर पोलीस दोन्ही कलमं डोळे मिटून एकत्र लावतात याबद्दल खेद व्यक्त करून त्यांना प्रशिक्षण द्यायला हवं, असंही म्हटलं.

त्याच उसनवारीत समोरच्याने चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर चित्र पालटतं. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ मध्ये 'अप्रामाणिकपणे' हा शब्द नाही. चेक देण्यामागे कायदेशीर देणं असावं, खात्यात रक्कम कमी असल्याने तो परत यावा, बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे येऊ नयेत. गुन्हा पुरा झाला. 'खात्यात पैसे येतील असं मला वाटलं होतं' हा बचाव घेता येणार नाही, असं कलम १४० स्वच्छ शब्दांत सांगतं. घेणेकऱ्याला नियत सिद्ध करायची नसते, फक्त तारखा सांभाळायच्या असतात. माणूस तोच, पैसे तेच, आणि एका कलमात उद्देश हाच जीव, तर दुसऱ्यात त्याला जागाच नाही.

व्याख्येत उद्देशाचा शब्दच नसेल तर न्यायालयाने तो गृहीत धरायचा की नाही, यावर मुंबईतच एक मोठा वाद झाला. २७ नोव्हेंबर १९६२ ला एक जर्मन नागरिक झुरिकहून मनिलाकडे निघाला. विमान २८ च्या पहाटे सांताक्रूझला थांबलं. तो खाली उतरलाही नाही. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी झडती घेतली तेव्हा त्याच्या जाकिटात २८ कप्पे निघाले, त्यातल्या १९ कप्प्यांत सोन्याच्या लगडी, वजन सुमारे ३४ किलो. पूर्वी भारतातून नुसतं पुढे जाणाऱ्या सोन्याला सूट होती. रिझर्व्ह बँकेने ८ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने ती बदलली, विमानाच्या मालयादीत सोनं नोंदलेलं हवं असं म्हटलं. ती राजपत्रात छापून आली २४ नोव्हेंबरला. तीन दिवसांनी झुरिकहून निघालेल्या माणसाला ती कळणार कशी?

मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निकाल फिरवला. देशाचं परकीय चलन वाचवणारा हा कायदा आहे, त्यात 'जाणूनबुजून' हा शब्द नाही, प्रत्येकाच्या मनाचा पुरावा मागत बसलं तर सोन्याची चोरटी आयात थांबायची नाही, असा विचार. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावरच आणली. वेगळं मत दिलं ते सुब्बा रावांनी. गुन्ह्याला दोषी मन लागतं हे मूळ गृहीत आहे आणि संसदेने ते स्पष्ट शब्दांत किंवा अटळ अर्थाने काढून टाकलं नसेल तर ते तसंच धरावं, असं ते म्हणाले. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्याला नियम कळण्याची सोयच नव्हती त्याला गुन्हेगार ठरवून नियमाला बळ येत नाही.

त्या निकालाच्या पुढच्याच वर्षी त्यांचा विचार जिंकला. मध्य प्रदेशातल्या धार इथल्या एका धान्य व्यापाऱ्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती, ठरल्याप्रमाणे हिशेबाची पत्रकंही तो पाठवत होता. परवाना येईल, काळजी करू नका, असं निरीक्षकाने सांगितलं होतं. परवाना आला नाही आणि त्याच्या गोदामात ८८५ मण गहू सापडला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, कारण कायदा मोडतो आहोत हे त्याच्या मनातच नव्हतं. संसदेला हे रुचलं नसावं. १९६७ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्यात 'जाणीवपूर्वक, उद्देशपूर्वक किंवा अन्यथा' असे शब्द घातले गेले, म्हणजे मनात काहीही असलं तरी गुन्हा. १९७४ मध्ये ते काढून मधला मार्ग निघाला. दोषी मन लागतं, पण ते होतं असं गृहीत धरलं जाईल, नव्हतं हे आरोपीने निःसंशय सिद्ध करावं. अमली पदार्थांच्या कायद्यातही अशीच तरतूद आहे.

शेवटी 'सद्भावपूर्वक' या शब्दाबद्दल, कारण डॉक्टर, पोलीस, सरकारी अधिकारी सगळे बचावासाठी त्याच्याकडे धावतात. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम म्हणतो, कृती प्रामाणिकपणे केली की ती सद्भावाची, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. दंड संहिता, आणि आता न्याय संहिताही, म्हणते की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाची नाही. त्याच शब्दाच्या दोन व्याख्या, त्याही एकमेकींच्या उलट. कोणत्या कायद्याखाली उभे आहात, यावर निकाल ठरतो. १८८७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एका कविराजाचं, म्हणजे बंगाली वैद्याचं, प्रकरण आलं. त्याने मूळव्याधीची शस्त्रक्रिया साध्या चाकूने केली, रक्तस्राव थांबला नाही, रोगी दगावला. रोग्याला बरं करायचं होतं, त्याची संमती होती, अशा शस्त्रक्रिया आधीही केल्या होत्या, हे सगळं त्याने सांगितलं. त्याच्या भल्या हेतूवर न्यायालयाने शंका घेतली नाही. पण शस्त्रक्रियेचं कुठलंही शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं, म्हणजे दंड संहितेला हवी असलेली काळजी नव्हती, आणि काळजीशिवाय सद्भाव नाही. तो दोषी ठरला.